निजून आखलेली खिडकी

माझे मामा साठी ओलांडेपर्यंत छपराखाली झोपले नव्हते. मामा म्हणजे माझे सासरेही तेच; त्यांच्याच मुलीशी माझं लग्न झालं होतं. जिंतूरकडच्या माळरानावर त्यांचं घर होतं, पण त्या घरात बायका, ज्वारीच्या कणग्या आणि दुखणाईत मेंढरं राहायची. मामा बारा महिने कळपामागं. आज या शेतात, उद्या त्या शेतात. दिवस बुडायला वाघूर लावायची, म्हणजे जाळीचं कुंपण करून मेंढरं आत घ्यायची, आणि कुंपणाला लागूनच घोंगडी टाकून आडवं व्हायचं. घरी कधी आलेच तर अंगणात बसून जेवत आणि पाणी पिऊन उठत.

मीही धनगराच्याच घरातला. पण आमची मेंढरं एका साथीत भराभर मेली आणि मी परभणीला येऊन एका गवंड्याच्या हाताखाली लागलो. थापी, ओळंबा, दगडमाती यांत जीव रमला. पुढं लोक मला मिस्त्री म्हणू लागले. भिंत जाड, सरळ आणि बिनभोकाची असली की ती चांगली, एवढंच मला तेव्हा कळायचं. त्याला कारणही होतं. पोलीस ॲक्शनच्या आधीचं ते धास्तीचं वर्ष. गावात कोण कधी शिरेल याचा नेम नव्हता. त्या वर्षी परभणीत मी एकही नवी भिंत बांधली नाही. नुसत्या खिडक्या बुजवत फिरलो. सकाळी एका गल्लीत, दुपारी दुसऱ्या. हिंदूंच्या घरी बुजवल्या, मुसलमानांच्याही बुजवल्या. भीती सगळ्यांना सारखीच होती.

मग निजामाचं राज्य गेलं, धास्ती गेली, बाजार पुन्हा भरायला लागले. खिडक्या मात्र तशाच राहिल्या. लोकांना अंधाराची सवय झाली होती आणि उघडायला सांगणारं कोणी नव्हतं.

लग्नानंतर मी ज्या खोलीत बिऱ्हाड केलं, तिचीही एकुलती एक खिडकी मीच माझ्या हातानं बंद केलेली होती. घरमालक तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून होते. सगळी गल्ली त्यांना मुन्शीजी म्हणायची. पुढच्या बाजूला आमच्यासारख्या भाडेकरूंच्या दोन खोल्या, मागं त्यांचं स्वतःचं घर आणि मध्ये त्यांच्या घरातल्या बायकांचं अंगण. त्या अंगणात एक थोराड कडुलिंब होता. आमच्या खोलीची मागची भिंत त्या अंगणाला लागून होती. दहा हात लांब, आठ हात रुंद खोली, वर मातीचं माळवद आणि रस्त्याकडं एक अरुंद दार. दिवसभर मी कामावर असायचो, त्यामुळं खोली कशी आहे याचा मी कधी विचारच केला नव्हता. बायको मात्र ज्वारी निवडायला सूप घेऊन दारात बसायची.

एका फाल्गुनात निरोप आला की मामा बाभळीवरून पडले. मेंढरांसाठी शेंगा पाडत होते, फांदी मोडली, मांडीचं हाड मोडलं. बैलगाडीतून जिंतूर आणि तिथून मोटारीनं परभणी असं त्यांना आणलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हाड बसवलं आणि कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. थोडे दिवस तिथं ठेवून ते म्हणाले, "आता घरी न्या. पण लांब नको, मला अधूनमधून बघायचंय. अडीच-तीन महिने पाठीवर. उचलायचं नाही, हलवायचं नाही."

म्हणून मामा आमच्या खोलीत आले. चौघांनी कसंबसं त्यांना आत घेतलं आणि मागच्या भिंतीला लावून बाजेवर ठेवलं. बाजेसकट ते दारातून बाहेर निघण्यासारखे नव्हते. आत आले ते आलेच.

पहिले चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी दुपारी मी भाकरी खायला घरी आलो तर ते बायकोला विचारत होते, "दिवस कुठवर आला, बाई?"

"आबा, दुपार झाली. डोक्यावर आला."

"मला कळंना गेलंय," मामा म्हणाले. "वारं कुनीकडून हाय त्येबी कळंना. आडात टाकल्यावानी झालंय."

त्यानंतर त्यांचं जेवणावरचं मनच उडालं. बायको भाकरी कुस्करून दुधात घालायची, ते दोन घास घेऊन तोंड फिरवायचे. झोप नाही. बोलणंही बंद झालं. डोळे माळवदाच्या लाकडांवर. दुखतंय का म्हणून विचारलं तर मान हलवून नाही म्हणायचे. आठवड्यानं डॉक्टर स्वतः सायकलवर येऊन गेले. त्यांनी प्लास्टर ठोकून पाहिलं, बोटं हलवायला लावली, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "पाय चांगला आहे. पण हे खात नाहीत, त्याचं काय करणार? असं अंग उतरत गेलं तर हाड तरी कशाच्या जोरावर धरेल?"

बायको ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं तिच्या परीनं सुरुवात केली. गोधडी काढून मामांची स्वतःची घोंगडी अंगावर घातली. सकाळी लिंबाची डहाळी आणून खुंटीला टांगली. रांजण दारातून उचलून मामांच्या बाजेजवळ, त्यांच्या नजरेसमोर ठेवला, खाली ओली वाळू पसरली आणि वाळूत मेथीचे दाणे पेरले. मी हसलो. "खोलीत शेती कराय लागलीस का?"

ती म्हणाली, "हसा. तुमाला काय, तुमी दिसभर उन्हात असता."

त्याच आठवड्यात माझा मेव्हणा भेटायला आला, तो काखेत कोकरू घेऊनच. कोकराची आई त्याला पाजत नव्हती. "आबा कळपात असते तर जगवलं असतं," तो म्हणाला. "मला काय जमंना." त्यानं ते मामांच्या छातीवर ठेवलं. मामांनी पहिल्यांदा हात हलवला. कोकराचं तोंड उघडून बघितलं, कान चाचपले आणि मुलीला म्हणाले, "चिंधी आन. दूद आन."

चिंधीचं टोक दुधात बुडवून मामा निजल्या निजल्या कोकराला पाजू लागले. कोकरू बाजेच्या पायाला बांधलेलं. ते ओरडायचं, मामा त्याला उत्तर द्यायचे. दोन दिवस आमच्या खोलीत बरं चाललं. तिसऱ्या दिवशी मुन्शीजी आले.

मुन्शीजी कधी भाडेकरूंच्या दारात येत नसत. त्या दिवशी मात्र छडी आपटत उंबऱ्यापाशी उभे राहिले. "मिस्त्री, खोली आदमियों के वास्ते दी मैं. बकरे के वास्ते नक्को. दिनभर मॅं मॅं, मॅं मॅं! घर में कोई सो नहीं सकता."

आतून मामांचा आवाज आला, "बकरू न्हाई, कोकरू हाय."

मुन्शीजी वाकून आत आले. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळं त्यांना काही दिसेना. थोडा वेळ ते हात पुढं करून नुसते उभे राहिले. मग त्यांना बाज दिसली, प्लास्टर दिसलं, आणि मामांचा चेहरा दिसला. तो चेहरा तेव्हा फार वाईट झाला होता. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. मुन्शीजींची छडी खाली झाली.

"इतना अंधेरा," ते हळूच म्हणाले. "इथं माणूस कसा ऱ्हाईल?"

बायकोनं ती वेळ नेमकी साधली. पदर सावरून ती माझ्याकडं बघत, पण मुन्शीजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आवो, तुमीच बुजवलेली खिडकी हाय. मुन्शीजींना इचारा की, उगडू का म्हनून."

मुन्शीजी लगेच सावध झाले. "नक्को. खिडकी के पीछे हमारी औरतों का आंगन है. पैले तो पर्दा टांगना पडता था. बंद है तो अच्छा है." मग कोकराकडं बघून म्हणाले, "ये रहने दो. थोडे दिन." आणि गेले.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. जुनी खिडकी कमरेइतकी खाली होती. उभा माणूस सरळ अंगणात बघू शकायचा. मी तो विषय सोडून दिला आणि मामांजवळ बसलो. बायको भांडी जरा जोरात ठेवायला लागली.

काही वेळानं मामा म्हणाले, "मी काय हुबा ऱ्हाऊन बगनार हाय व्हय रे? मी तर निजलेला. मला अंगन कशाला दिसंल?"

मी त्यांच्याकडं बघितलं. मग बाजेशेजारी जमिनीवर गोधडी घालून मी त्यांच्याच दिशेला डोकं करून उताणा झालो. इतकी वर्षं मी उभा राहून, नाहीतर पायाडावर चढून भिंती बांधल्या होत्या. झोपून भिंतीकडं कधीच बघितलं नव्हतं. खालून ती निराळीच दिसली. आमच्या समोर कमरेइतकी खिडकी असतीच, तर तिच्यातून फार फार तर पलीकडच्या घराचं छप्पर दिसलं असतं. माणसाची नजर आपोआप वर, भिंतीच्या वरच्या निम्म्या भागाकडं जात होती. पण आम्ही भिंतीला अगदी चिकटून होतो. म्हणून बाज थोडी थोडी सरकवत समोरच्या बाजूला नेली, आणि पुन्हा निजून बघितलं.

बायकोच्या हातात चुलीतला कोळसा दिला. आम्ही दोघं निजून सांगायचो आणि ती पत्र्याच्या पेटीवर चढून भिंतीवर रेघा मारायची.

"अजून वर," मामा म्हणाले. "डावीकडं घे. तिकडं लिंबाचा शेंडा असंल. सकाळी पाखरं त्याच अंगाला वरडत्यात."

"अन् वारं?" मी विचारलं.

"वारं मावळतीकडून येतंय आता. तुझं दार उगवतीला हाय. मागल्या भिंतीला वर भोक पाडलंस तर येनारं वारं दारातनं निघून जाईल. पन दार लावल्यावर कोंडंल. दाराच्या अंगालाबी खाली एक बारकं भोक ठेव. वाघूर लावताना आमी आदी वारं बगतो, मग जाळी. तुमी गवंडी आदी भित बांदता आन मग वारं हुडकता."

मला राग यायला हवा होता. पण ते दोन आठवड्यांत पहिल्यांदा एवढं बोलले होते. बायको पेटीवर उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती.

कोळशाची चौकट आखून झाल्यावर मी मुन्शीजींकडं गेलो. त्यांना खोलीत आणलं आणि सांगितलं, की खिडकी जुन्या खिडकीच्या वर, माळवदाखाली निघेल. खालची बाजू आत उतरती ठेवीन, म्हणजे उभ्या माणसाला फक्त झाड आणि आभाळ दिसेल. त्यांनी भिंतीपाशी उभं राहून हातानं उंची मोजली, टाचा उंचावल्या, पुन्हा मोजली. "पक्का?"

"अंगण दिसलं तर त्याच दिवशी बुजवून देतो."

छडीच्या मुठीवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "करो. मगर लिंबाची एक फांदी नक्को तोडो."

मी सुट्टी घेतली. मामांना बाहेर नेता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या बाजेवर जुन्या धोतराचा आडोसा केला. पहारीचा पहिला घाव घातला आणि आतून आरोळी आली, "ते फडकं काड! मला बगू दे!" फडकं काढलं. मामा धुळीत पांढरे झाले, शिंकत राहिले, पण डोळे मिटायला तयार नाहीत. त्यांच्या काखेतलं कोकरूही पांढरं झालं होतं. जुन्या खिडकीच्या वरची सागवानी फळी मजबूत होती. तिलाच मी नव्या खिडकीचा तळ केला. वर कुठल्या लाकडाचा भार येत नव्हता तेवढीच रुंदी घेतली. भिंत दोन हात जाड. दुपारपर्यंत आतला दगड निघाला. मग बाहेरचा शेवटचा दगड मी हातानं धरून आत ओढला.

उजेड एकदम आला नाही. आधी धूळ उजळली. मग वाऱ्यानं धूळ दाराकडं सरकली आणि चौकटीत लिंब दिसला. चैत्र लागला होता, लिंब मोहरानं भरला होता. तो कडूगोड वास खोलीत आला. मामांनी लांब श्वास घेतला, तो घेतच राहिले. मग म्हणाले, "तिसरा पहर झाला."

मी रस्त्यावर जाऊन सूर्य बघून आलो. बरोबर तिसरा पहर होता.

मुन्शीजी तपासणीला आले. खोलीत उभे राहिले, टाचा उंचावल्या, छडीवर भार देऊन आणखी वर झाले. मग अंगणाच्या दिशेनं मोठ्यानं विचारलं, "कुछ दिखता क्या?" पलीकडून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "कुछ नहीं दिखता जी! तुम कहां हो?" मुन्शीजी खूष झाले. जाताना मामांना म्हणाले, "मुबारक."

त्या संध्याकाळी मामांनी अख्खी भाकरी खाल्ली आणि ठेचा मागितला.

पुढचे दोन महिने आमच्या खोलीत जे चाललं ते आठवलं की मला अजून हसू येतं. मोहर वाऱ्यानं घोंगडीवर पडायचा. एक खार खिडकीत येऊन बसायची आणि मामांशी भांडायची. सकाळी सकाळी मामा निजल्या जागेवरून गल्लीला ओरडून सांगायचे, "आज दुपारून वावटळ हाय! वाळवनं लवकर काडा!" आधी बायका हसल्या. दोनदा खरं झाल्यावर शेजारची कुरडया घालण्याआधी आमच्या दारात येऊन विचारायला लागली. रांजणाखालची मेथी वीतभर वाढली. तिच्याकडं बघत मामा जेवायचे. एके दिवशी कोकरानं दोरी तोडली आणि सगळी मेथी फस्त केली. बायको सूप घेऊन त्याच्यामागं धावली तेव्हा मामा इतके हसले, की मला प्लास्टरची भीती वाटली. "अगं, त्येच्यासाठीच पिकवली व्हतीस की!"

उन्हाळा चढला तसे मुन्शीजी दुपारी येऊन बसू लागले. त्यांनी कचेरीच्या काळातली एक खसची टट्टी, म्हणजे वाळ्याचा पडदा, माडीवरून काढून आणली. मी ती खिडकीला बेतून बांधली. बायको तिच्यावर पाणी शिंपडायची आणि वारा गार होऊन, खसचा वास घेऊन आत यायचा. मोगऱ्याची एक कुंडीही त्यांनी दिली. मुन्शीजींना मराठी अर्धी यायची, मामांना त्यांची बोली पाव यायची. तरी दोघं तासन् तास बोलायचे. मुन्शीजी हैदराबादच्या बागांचं सांगायचे. मामा सांगायचे कोणत्या माळावर कोणता पाला गोड.

एकदा मुन्शीजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्री, हमारी बेगम का दम लगता है. आतल्या खोलीत बहुत घुटन होती. वहां भी एक निकालोगे क्या? वर. ऐसीच."

त्यांच्या घरात मी कधी गेलो नव्हतो. बायका दुसऱ्या खोलीत गेल्यावर मी आतल्या खोलीत शिरलो आणि त्यांच्या पलंगाशेजारी सतरंजीवर उताणा झालो. मुन्शीजी घाबरले. "क्या हुआ? चक्कर आयी?"

"न्हाई मुन्शीजी. बेगमसाहेबा निजून काय बगतील ते बगायलोय."

ही गोष्ट गल्लीभर झाली. झोपून भिंत बघणारा मिस्त्री म्हणून माझी पुष्कळ थट्टा झाली. पण कामंही आली. एका वाण्याच्या बाळंतिणीच्या खोलीला मी झरोका काढला. एका शाळामास्तरांच्या आईला तुळस दिसेल अशी खिडकी काढली. ती दिवसभर बसून असायची, म्हणून तिथं मी बसून आखलं. प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशी घरातलं कोणीतरी म्हणायचं, वारं लागेल, धूळ येईल, चोर येईल. आणि पंधरा दिवसांनी तीच माणसं खिडकीखालची जागा सोडायला तयार नसायची. औषधानं जे होतं ते डॉक्टरच करतात, भिंतीला भोक पाडून हाड जुळत नाही, हे मला कळतं. पण माणूस जेवतो, झोपतो, दुसऱ्याशी दोन शब्द बोलतो, एवढं तर मी डोळ्यांनी बघितलं.

जेठात डॉक्टरांनी प्लास्टर कापलं. पाय वाळलेल्या काटकीसारखा झाला होता. रोज तेल लावायचं, रोज थोडं उभं राहायचं. मामा बाजेवरून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, मग गल्लीच्या टोकापर्यंत गेले. श्रावणात ते काठी घेऊन, थोडं लंगडत, मोटारीच्या अड्ड्यापर्यंत चालत गेले. कोकरू आता चांगलं मोठं झालं होतं. ते दोरीनं पुढं ओढत होतं आणि मामा मागून त्याला शिव्या घालत होते. मोटारवाला मेंढराला आत घेईना. मामांनी त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण शेवटी ते टपावर नाही, मामांच्या पायाशीच बसून गेलं.

पुढं पुष्कळ वर्षं मामा कळपामागं फिरले. सोनपेठपर्यंत, गोदावरीच्या काठानं. लंगडत, पण फिरले. परभणीच्या बाजूला आले की आमच्याकडं यायचे, आणि खोलीत नीट पाय पसरून झोपायचे.

त्या श्रावणात मामा मोटारीनं गावी गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुन्शीजी सवयीनं आमच्या दारात आले. बाज रिकामी बघून थबकले. "बुड्ढा गया?"

"गेले कालच, मेंढरांकडं."

त्यांनी आत डोकावून खिडकीकडं बघितलं, आणि जरा लाजून बायकोला म्हणाले, "बेटी, आज घर में गेहूं धो के सुखाने डालने हैं. वारा कैसा है, देखो तो."

बायकोनं ओले हात पदराला पुसले, खिडकीखाली जाऊन मान वर केली, लिंबाचा शेंडा नीट न्याहाळला, आणि म्हणाली, "घाला मुन्शीजी. आज वारं चांगलं हाय."